वनविद्येचे प्रवासी विद्यार्थी : एका खर्चाच्या बाबीचा इतिहास

विद्यापीठांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक इमारती, अध्यासने, अभ्यासक्रम आणि कुलगुरू ह्यांविषयी विस्ताराने लिहितात. अंदाजपत्रकाकडे मात्र त्यांची दृष्टी क्वचितच वळते. त्यातही 'विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च' ही बाब इतकी किरकोळ समजली जाते की, तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा असे कोणास वाटले नाही तर नवल नाही. तथापि काही विद्या अशा आहेत की, त्यांचा विषयच वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही. ज्यास आज पर्यावरणधोरण म्हणतात ती विद्या ह्याच जातीची होय. अरण्य, नदी, गायरान, खाण आणि त्यांवर जगणारी माणसे ही तिची सामग्री. आणि ही सामग्री ग्रंथालयात आणून ठेवता येत नाही. विद्यार्थ्यासच तिच्याकडे जावे लागते. मग प्रश्न उभा राहतो की, त्याने कोठे जावे, किती दिवस राहावे आणि गाडीभाडे कोणी द्यावे? ह्या तीन प्रश्नांची जी उत्तरे वेळोवेळी दिली गेली त्यांवरून, ज्ञान कोठे वसते अशी त्या त्या काळाची समजूत होती, हे बऱ्याच अंशी उघड होते. प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने वनविद्येच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा विचार केला आहे. कारण पर्यावरणधोरणाची आजची काही प्रमुख विद्यापीठीय केंद्रे मुळात वनविद्येच्याच शाळा होत्या.

प्रारंभी शाळा नव्हती आणि प्रवासखर्चाचा निधीही नव्हता; होता तो केवळ प्रवास. मुंबई इलाख्यात १८४७ साली वनरक्षकाचे पद निर्माण झाले आणि त्यावर डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्याची नेमणूक झाली. हा गृहस्थ पेशाने वैद्य. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा तो अधीक्षक होता, आणि त्यापूर्वी देवी टोचण्याच्या कामावर तो दख्खनमध्ये गावोगाव हिंडला होता. कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे ओढे-नाले आटत आहेत, हा जो विचार त्याने सरकारपुढे मांडला, तो कोणत्याही युरोपीय वनशाळेत शिकून मांडलेला नव्हता. जंगल वाचविणे हे राज्यकारभाराचे काम आहे ही कल्पना आपल्याकडे रुजविणाऱ्या पहिल्या काही अधिकाऱ्यांत एक देवी टोचणारा डॉक्टर असावा, ह्याचे कारण त्या धंद्यात पायपीट फार असते, हेच असावे असे मला वाटते.

डीट्रिख ब्रांडिस ह्याची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. बॉन येथे १८२४ साली जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील विद्यापीठात अध्यापन करीत होता. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५६ साली, ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांचा अधीक्षक म्हणून त्यास नेमण्यात आले. जंगलात साग किती आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. ब्रांडिस हत्तीवर बसून निघाला. पावसात कागद टिकत नसल्यामुळे त्याने हिशेबाची एक निराळीच युक्ती काढली. डाव्या हातात लाकडाच्या चार काठ्या, उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंस ठराविक अंतराच्या आत सागाचे झाड दिसले की त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे त्या त्या काठीवर एक खाच पाडावयाची. संध्याकाळी तळावर खाचा मोजावयाच्या. अशा रीतीने महिनेच्या महिने हिंडून त्याने जंगलाचा पहिला अंदाज बांधला आणि किती झाडे दरसाल तोडावीत ह्याचा नियम त्यावरून बसविला. डोंगरांत फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांकडून त्यांच्या शेतातच सागाची रोपे लावून घ्यावीत, ही जी 'टाँग्या' पद्धती पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली तीही ह्याच भ्रमंतीतून निघाली. जर्मनीतील अशाच एका रीतीशी तिचे साम्य त्याच्या ध्यानी आले होते हे खरे. परंतु ते साम्य दिसण्यासाठी करेन शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहावे लागले, हे विसरता कामा नये.

हाच ब्रांडिस १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला आणि लगेच त्याच्यापुढे माणसांची अडचण उभी राहिली. इंग्लंडमध्ये वनविद्या शिकविणारी एकही संस्था त्या वेळी नव्हती. १८६६ साली विल्यम श्लिख आणि बर्टोल्ड रिबेनट्रॉप हे दोन तरुण जर्मन वनाधिकारी त्याने मिळविले; परंतु असे उसने लोक किती आणणार? म्हणून इंग्लंडमध्ये उमेदवार निवडून त्यांस फ्रान्स व जर्मनी येथे शिकावयास पाठविण्याची योजना त्याने मंजूर करून घेतली आणि १८६७ च्या सुमारास ती अमलात आली. फ्रान्समधील नान्सी येथील वनशाळा १८२४ साली स्थापन झालेली होती. हिंदी वनखात्याचे विद्यार्थी तेथे जवळजवळ वीस वर्षे शिकत राहिले. मध्ये १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे शिक्षणात खंड पडला, तो सोडून. मध्य प्रांताच्या वनखात्यात काम केलेला कर्नल पिअरसन त्यांच्यावर देखरेख करण्यासाठी पुढे नान्सीस राहिला. म्हणजे सातपुड्याच्या जंगलांचे नियोजन करावयाचे ज्ञान घेण्यासाठी इंग्लिश तरुणाने फ्रान्समध्ये जावयाचे, आणि तेथे त्याच्या अभ्यासावर लक्ष ठेवावयास सातपुडा पाहिलेल्या माणसाने राहावयाचे! हा वळसा आज हास्यास्पद वाटतो. परंतु त्या काळी त्याहून जवळचा रस्ता कोणास दिसत नव्हता.

१८८५ साली इंग्लंडमधील कूपर्स हिल येथील रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजात वनविद्येची शाखा उघडण्यात आली आणि श्लिख तिचा मुख्य झाला. तरीही परदेश-प्रवास सुटला नाही. कूपर्स हिल येथे व्याख्याने होती, उत्तम ग्रंथ होते. पिढ्यान् पिढ्या शास्त्रशुद्ध रीतीने राखलेले अरण्य मात्र नव्हते. म्हणून अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्यांस जर्मनीच्या अरण्यांतून हिंडविण्याची व्यवस्था झाली, आणि १८८३ साली निवृत्त होऊन बॉनला परतलेल्या ब्रांडिसने १८८८ पासून १८९६ पर्यंत ह्या सफरींची धुरा वाहिली. साठी उलटलेला हा म्हातारा विशीतल्या मुलांना घेऊन अरण्यामागून अरण्य तुडवीत चालला आहे, जागोजाग थांबून त्यांस प्रश्न विचारीत आहे, आणि त्यांनी लिहिलेली टिपणे बारकाईने तपासीत आहे, असे जे चित्र त्याच्या शिष्यांनी रेखाटले आहे ते मोठे हृद्य आहे. १९०५ साली ही शाखा ऑक्सफर्ड विद्यापीठात गेली, कूपर्स हिलचे कॉलेज लवकरच बंद पडले, आणि वनविद्येच्या विद्यार्थ्याचा प्रवास ही प्रथमच एका जुन्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील बाब झाली.

आता खर्चाकडे वळू. कूपर्स हिल हे फी भरून शिकण्याचे कॉलेज होते. तेव्हा उमेदवाराच्या घरच्या स्थितीचा प्रश्न येथे होताच. सरकारने जो भार उचलला तो लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत उचलला. आणि इंडिया ऑफिसचा खर्च १९१९ च्या कायद्याने व्यवस्था बदलेपर्यंत हिंदुस्थानच्या महसुलातून भागविला जात असे, हे सर्वश्रुत आहे. त्या महसुलात जंगलाचे उत्पन्नही आले. ठाणे जिल्ह्यातील साग विकून आलेल्या पैशाचा काही अंश अशा रीतीने फिरत फिरत बॉनपर्यंत जात होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्या सागाच्या सावलीत वाढलेल्या मुलास ह्या प्रवासात जागा होती काय? १८७८ साली ब्रांडिसच्याच प्रयत्नाने डेहराडून येथे वनशाळा निघाली. तेथे हिंदी विद्यार्थी शिकत आणि जंगलात हिंडतही. शाळेच्या शिक्षणासाठी आसपासची जंगलेच तोडून दिलेली होती, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव नान्सीपेक्षा तेथे कमी मिळत असेल असे मुळीच नाही. मात्र डेहराडूनच्या शिक्षणाने रेंजरच्या दर्जापर्यंत पोचता येई. वरिष्ठ सेवेचे दार लंडनमध्ये होते. नियमाने ते हिंदी माणसास बंद नव्हते. त्या दारापर्यंत जाण्याचे भाडे मात्र त्याचे त्याने द्यावयाचे होते. भेदभावाचा एकही शब्द न लिहिता भेदभाव कसा चालतो ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुढे १९२४ साली ली कमिशनने वनसेवेत शेकडा ७५ जागा हिंदी उमेदवारांस द्याव्यात अशी शिफारस केली, आणि १९२६ साली वरिष्ठ सेवेचे शिक्षण डेहराडून येथे सुरू झाले. परंतु भरती थंडावल्यामुळे तो वर्ग १९३२ साली बंद पडला आणि १९३८ साली नव्या स्वरूपात पुन्हा सुरू करावा लागला. प्रवासाची दिशा बदलण्यास साठ वर्षे लागली.

ह्या दिशेचा परिणाम केवळ नोकऱ्यांवर झाला असता तर तो एवढा विचारणीय ठरला नसता. जर्मनीतील सफरीत विद्यार्थ्याने काय पाहिले? सरळ रेषेत लावलेली, एका वयाची झाडे, निश्चित सीमा, जंगलात गुरे नाहीत, वणवा नाही, कुऱ्हाड घेऊन शिरणारा गावकरी नाही. हेच अरण्याचे आदर्श रूप म्हणून त्याच्या मनावर ठसले तर त्यात त्याचा दोष थोडा. तोच तरुण कोकणात आल्यावर त्यास दिसे राब. भाताचे रोप करण्यासाठी झाडांचा टहाळ, शेण, गवत आणि पाचोळा जमिनीवर पसरून उन्हाळ्यात भाजावयाचे, ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची जुनी रीत. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने ती झाडांची नासाडी होती. कुणब्याच्या, ठाकराच्या आणि वारल्याच्या दृष्टीने तीच पुढच्या वर्षाची भाकरी होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ह्या तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारला १८८५ साली वनचौकशी-मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच जोतीराव फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात, जंगलखात्याने डोंगर-दऱ्या व गायराने ताब्यात घेतल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडांनाही जागा उरली नाही, असा घणाघाती आरोप केला होता. फुल्यांनी ही परीक्षा केली ती वनविद्येचे एकही पुस्तक न वाचता. केली ती गावोगावच्या अनुभवाच्या बळावर. गंमत अशी की, खुद्द ब्रांडिसचे मत ह्या बाबतीत खात्याच्या पुष्कळ अधिकाऱ्यांहून उदार होते. गावांसाठी वेगळी राखलेली गावजंगले असावीत असा त्याचा आग्रह होता, आणि १८७८ च्या वनकायद्याच्या वेळी सर्व जंगल सरकारजमा करू पाहणाऱ्या बेडन-पॉवेलच्या पक्षाशी त्याचा मतभेद झाला होता. ब्रांडिसने ब्रह्मदेश पायाखाली घातला होता. त्याच्या शिष्यांस प्रथम दाखविले गेले ते मात्र जर्मनीचे अरण्य.

ह्याच सफरींचा दुसरा फाटा अमेरिकेस जातो, आणि आजच्या पर्यावरणधोरणाच्या शिक्षणाशी त्याचा संबंध अधिक प्रत्यक्ष आहे. गिफर्ड पिंशो हा एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा १८८९ साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्यास वनविद्या शिकावयाची होती, आणि अमेरिकेत ती शिकविणारी एकही पूर्ण शाळा नव्हती. तो युरोपास गेला, श्लिखला भेटला, बॉनला जाऊन ब्रांडिसला भेटला, आणि त्याच्या सांगण्यावरून नान्सीच्या शाळेत दाखल झाला. पुढे झुरिकच्या झीलवाल्ड ह्या नगर-अरण्यात, शतकानुशतके शहराने स्वतः राखलेल्या त्या जंगलात, त्याने महिनाभर राहून काम पाहिले, आणि ब्रांडिसच्या विद्यार्थ्यांबरोबर जर्मनीची सफरही केली. ब्रांडिसचे म्हणणे होते की त्याने आणखी राहून अभ्यास पुरा करावा. पिंशो १८९० च्या अखेरीस मायदेशी परतला. हा सारा खर्च बापाचा. कोणत्याही विद्यापीठाने, सरकारने वा निधीने त्यात भाग घेतला नाही. हाच तरुण १८९८ साली अमेरिकेच्या वनविभागाचा प्रमुख झाला, १९०५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन वनसेवेचा पहिला मुख्य अधिकारी झाला, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या काळात निसर्गसंपत्तीच्या संरक्षणाचे धोरण त्याने राष्ट्रीय राजकारणात आणून बसविले. त्या धोरणास जो इंग्रजी शब्द पडला तो सुचताना हिंदुस्थानातील 'कॉन्झर्व्हेटर' आणि त्यांच्या वनमंडळांची आठवण झाली होती, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. गिब्सनचे पदनाम असे अर्ध्या जगाची प्रदक्षिणा करून आले.

एकट्या श्रीमंत मुलाच्या प्रवासाने देशाची गरज भागत नाही, हे पिंशोने ओळखले, ही त्याची खरी कर्तबगारी. त्याने आपला मित्र हेन्री ग्रेव्ह्ज ह्यास जर्मनीस पाठविले. आणि १९०० साली पिंशो कुटुंबाने दिलेल्या दीड लाख डॉलरच्या देणगीतून येल विद्यापीठात पदवीधरांसाठी वनविद्येची शाळा निघाली, तिचा पहिला प्रमुख ग्रेव्ह्ज झाला. पेन्सिल्व्हेनियातील मिलफर्ड येथील पिंशो कुटुंबाच्या जागेवर ह्या शाळेचे उन्हाळी वर्ग पंचवीस वर्षे भरत असत. विद्यार्थ्यास अरण्य पाहण्यासाठी समुद्र ओलांडावयास नको, अशी सोय देणगीदारानेच करून ठेवली. प्रवासखर्चाची ही एक निराळी, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाची, रीत होय. ह्याच शाळेच्या नावात १९७२ साली पर्यावरण-अभ्यासाचा समावेश झाला, आणि २०२० पासून ती केवळ पर्यावरणाची शाळा म्हणून ओळखली जाते.

ह्याच्या उलट टोकाचा प्रयोग कार्ल शेंक ह्याने केला. ब्रांडिसच्या सफरींत मदतनीस म्हणून काम केलेला हा जर्मन तरुण ब्रांडिसच्याच शिफारशीने १८९५ साली नॉर्थ कॅरोलिनातील बिल्टमोर इस्टेटीवर पिंशोच्या जागी आला. त्याने १८९८ साली तेथे स्वतःची वनशाळा काढली. १९०९ साली इस्टेटीशी बिनसल्यावर शेंकने शाळा बंद केली नाही. ती चालती केली! विद्यार्थ्यांस घेऊन तो काही काळ जर्मनीत राही, मग अमेरिकेत येऊन पूर्वेकडील जंगलांपासून पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉनपर्यंत जाई. सारी शाळाच प्रवासखर्चाच्या बाबीत गेली, असे म्हटले तरी चालेल. हा प्रयोग १९१३ साली आटोपला. खर्च फीतून निघावयाचा, आणि विद्यार्थी पुरेसे मिळेनात; फीवर चालणाऱ्या फिरत्या शाळेचे आयुष्य एवढेच असते.

आपल्या विद्यापीठांकडे वळल्यास असे दिसते की, मुंबई विद्यापीठात प्रवासासाठी निधी देण्याची कल्पना फार लवकर, विद्यापीठ स्थापन होऊन पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच, आली. शेठ मंगळदास नथुभाई ह्यांनी हिंदू पदवीधरांस युरोपचा प्रवास करता यावा म्हणून वीस हजार रुपये विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ह्या देणगीचे धैर्य समजण्यासाठी त्या काळची सामाजिक परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८६० साली महीपतराम रूपराम हे शिक्षणपद्धती पाहण्यासाठी विलायतेस गेले, आणि परतल्यावर त्यांस जातीबाहेर राहावे लागले. तेव्हा पदवीधरास प्रवासाचा खर्च द्यावयाचा तो आगबोटीच्या तिकिटाचा. परतल्यानंतरचा खर्च, म्हणजे बहिष्कार आणि प्रायश्चित्त, ह्याची तरतूद कोणत्याच देणगीत असणे शक्य नव्हते. जमशेटजी टाटा ह्यांनी १८९२ साली जो निधी काढला तो दानाच्या नव्हे तर कर्जाच्या स्वरूपात दिला; विद्यार्थ्याने शिकून यावे आणि पैसे परत करावेत म्हणजे ते पुढच्याच्या कामी येतील, हा त्यामागील हेतू. त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्यांचा विषय वैद्यक होता. वनविद्येशी त्याचा संबंध नाही. परंतु अनुदान आणि कर्ज ह्यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो. वैद्याला कर्ज फेडता येते. गायरानाचा अभ्यास करणाऱ्याने ते कशातून फेडावे?

मुंबई विद्यापीठाने दिलेल्या एका शिष्यवृत्तीचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १९१९ साली विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र ह्यांच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडिस ह्यांस आणले. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले होते आणि येथील अनेक शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले होते. स्थळ, व्यवसाय आणि लोक ह्यांचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणत्याही गावाची योजना करू नये. प्रथम गावातून पायी हिंडावे, मग नकाशा काढावा, ही त्यांची शिकवण. आजच्या भाषेत त्यास पर्यावरणीय नियोजनच म्हणावे लागेल. त्याच सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकविणारे गोविंद सदाशिव घुर्ये ह्या मालवणकडच्या तरुणाने समाजशास्त्राच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. गेडिस ह्यांनी त्यांच्याकडून मुंबई शहर ह्या विषयावर निबंध लिहवून घेतला, तो पसंत केला आणि शिष्यवृत्तीसाठी त्यांची शिफारस केली. घुर्ये १९२० साली इंग्लंडला गेले. तेथे मात्र त्यांचे मन नगर-पाहणीत रमले नाही. लंडनमध्ये हॉबहाउस ह्यांच्याकडे काही काळ काढून ते केंब्रिजला रिव्हर्स ह्यांच्याकडे गेले, १९२२ साली रिव्हर्स वारल्यावर हॅडन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पुरा केला, आणि १९२४ साली मुंबईस परत येऊन गेडिस ह्यांच्या विभागाचे प्रमुख झाले. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली निघाला. विद्यापीठाने पैसे दिले एका विषयासाठी आणि विद्वान परत आला दुसरा घेऊन, अशी तक्रार एखादा हिशेबतपासनीस करू शकला असता. मुंबईतील समाजशास्त्राचा तो लाभच झाला. तरी मनात येते की, गेडिस ह्यांची पाहणीची परंपरा मुंबईत क्षीण का झाली ह्याचे एक कारण हेही असावे : तरुण अभ्यासकास पाठविले गेले ते केंब्रिजला, ठाण्यास किंवा पालघरास पाठविण्यासाठी शिष्यवृत्ती नव्हती.

प्रवासाच्या अनुदानाने पूर्वीच्या प्रवासाची शिकवण खोडून काढावी, असा एक अपूर्व प्रसंग १९३५ साली घडला. ऑल्डो लिओपोल्ड हा येलच्या वनशाळेचा १९०९ चा पदवीधर. १९३३ पासून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव-व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता. पेन्सिल्व्हेनियातील मोजे-कारखानदार गुस्ताव ओबरलेंडर ह्याच्या नावाच्या एका न्यासाने अमेरिकन वनतज्ज्ञांस जर्मनी पाहण्यासाठी जे साहाय्य दिले त्याचा लाभ घेऊन तो सुमारे तीन महिने तेथे राहिला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पिंशो जेथे शिष्य म्हणून हिंडला होता, त्याच देशात लिओपोल्ड चिकित्सक म्हणून हिंडला. त्यास दिसले की, एकाच जातीच्या सूचिपर्णी झाडांच्या ओळींखाली जमीन निकृष्ट होत आहे. शिकारीच्या हौसेपायी हरणे बेसुमार वाढविली आहेत, त्यांस चारा घालावा लागतो, आणि रोपे वाचविण्यासाठी कुंपणे घालावी लागतात. लांडगे तर केव्हाच नाहीसे झाले आहेत. जर्मन वनतज्ज्ञांतच मिश्र व नैसर्गिक अरण्याकडे परत वळण्याची चळवळ सुरू झाली होती, हेही त्याने पाहिले. ज्या नमुन्यासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीने आणि पिंशोच्या बापाने पैसे मोजले होते, तो नमुना त्याच्या मायभूमीतच संशयास्पद ठरत होता. लिओपोल्डच्या पुढील लेखनातील भूमीविषयक नीतीचा विचार ह्या तीन महिन्यांशिवाय त्याच स्वरूपात उतरला असता असे मला वाटत नाही. एका मोजे-कारखानदाराच्या पैशाचे हे फळ. देणगीदारास त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या विद्यार्थ्यांच्या परदेश-प्रवासात फुलब्राइट योजनेने मोठा भाग घेतला. अमेरिकेचा मूळ कायदा १९४६ चा. भारताशी करार झाला १९५० च्या फेब्रुवारीत. ह्या योजनेची घडण मोठी चमत्कारिक होती. युद्धानंतर परदेशांत उरलेला अमेरिकन माल विकून जो पैसा त्या त्या देशाच्या चलनात साठला होता त्यातून ती चाले. रुपयात साठलेल्या पैशाने प्रवासाचे तिकीट काढता येई. अमेरिकेतील खाणावळीचे बिल मात्र देता येत नसे, कारण ते डॉलरमध्ये द्यावयाचे. म्हणून कित्येक विद्यार्थ्यांस केवळ प्रवास-अनुदान मिळे, आणि राहण्या-जेवण्याची सोय तेथील विद्यापीठाच्या साहाय्यवृत्तीवर अवलंबून राही. ह्यात १९५१ च्या गव्हाच्या कर्जाचीही भर पडली. त्या कर्जाच्या पहिल्या पन्नास लाख डॉलर व्याजातून ग्रंथ, उपकरणे आणि विद्वानांची देवाणघेवाण ह्यांसाठी तरतूद झाली होती. दुष्काळाच्या वर्षी आलेल्या गव्हाच्या व्याजावर पदवीधर परदेशी जातो, ही घटना अर्थशास्त्रज्ञांपेक्षा कादंबरीकाराच्या उपयोगाची आहे. २००८ साली हा करार नव्याने झाला, खर्चात भारत सरकारचा वाटा अमेरिकेच्या बरोबरीचा ठरला, आणि शिष्यवृत्तीस नेहरूंचे नावही जोडले गेले.

आज पर्यावरणधोरणाच्या पदवीधर विद्यार्थ्यास जो प्रवासखर्च मिळतो त्याचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. एक क्षेत्राभ्यासासाठी. येलच्या शाळेत १९८३ साली उष्ण कटिबंधातील साधनसंपत्तीच्या अभ्यासाची जी संस्था निघाली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांस आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथे जाऊन संशोधन करण्यासाठी साहाय्य देते. म्हणजे पिंशोच्या प्रवासाची दिशा तेथे आता उलटली आहे. दुसरा प्रकार परिषदांसाठी. १९९२ च्या रिओ परिषदेनंतर हवामानविषयक करारांच्या वार्षिक बैठका सुरू झाल्या. त्यांत विद्यापीठांस निरीक्षक म्हणून प्रवेश मिळतो, प्रवेशपत्रे मोजकी असतात, आणि कोणास पाठवावे ह्यावरून विभागांत चढाओढ होते. परिषदेस जाणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. करार कसा घडतो हे पाहणे हाही अभ्यासच. परंतु बहुतेक ठिकाणी आधी स्वतःच्या खिशातून खर्च करावयाचा आणि मग पावत्या जोडून तो परत मागावयाचा, अशी रीत आहे. ज्याच्यापाशी आधी खर्च करावयास पैसे नाहीत त्याने अर्जच करू नये, असे त्या नियमात लिहिलेले नसते. लंडनच्या दारावरही काही लिहिलेले नव्हते.

आपल्या राज्यात ह्या विद्येचे एक क्षेत्र नव्याने खुले झाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. ब्रांडिसने ज्या गावजंगलांचा आग्रह धरून हार खाल्ली, त्यांचा विचार ह्या गावाने आपल्या अभ्यासगटात बसून, सर्वसहमतीच्या आपल्या रीतीने, स्वतंत्रपणे केला. तेथे विद्यार्थी जातात, माहिती घेतात आणि एक-दोन दिवसांत परततात. पुण्यामुंबईहून तेथवर जाण्यास रेल्वे आणि एस. टी. ह्यांखेरीज काही लागत नाही, म्हणून भाडे ही अडचण नव्हे. अडचण आहे मुक्कामाची. मोहाची फुले चैत्रात वेचतात, तेंदूपानांचा हंगाम त्यानंतर येतो, बांबूची तोड वेगळ्या वेळी होते. इकडे सह्याद्रीत राबाचा टहाळ हिवाळ्यात तोडतात, भाजणी उन्हाळ्यात होते आणि लावणी आषाढात. ह्यांपैकी एकही चक्र समजून घ्यावयाचे तर सहा-सात महिने एका ठिकाणी राहावे लागते, आणि एवढ्या मुदतीचा खर्च आगाऊ मंजूर करणारा विद्यापीठीय नियम अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही.